आधी चारा झाका : किरणोत्सारी धूळ, शेत आणि मुंबईचं ताट

पालघर तालुक्यातल्या एका गावात अणुआणीबाणीची रंगीत तालीम होती. मी तेव्हा कृषी पर्यवेक्षक होते आणि खात्यातर्फे तिथे हजर होते. भोंगा वाजला, जीपवरच्या कर्ण्यातून सूचना झाली, लोकांनी दारं-खिडक्या लावून घेतल्या, शाळेत पोरांना रांगेत बसवून पोटॅशियम आयोडाइडच्या गोळ्या कशा द्यायच्या ते दाखवलं. सगळं वेळेत चाललं होतं. फक्त एका घरातल्या आजी ओट्यावरून हलेनात. डोक्यावरचा गवताचा भारा त्यांनी नुकताच उतरवला होता. मला म्हणाल्या, "बाय, आमी दार लावून बसू गं. पण म्हशी बाहेर, गवत बाहेर. उद्या दूध काढायचं का नाय?"

माझ्या हातातल्या तक्त्यात माणसांचा रकाना होता, गाड्यांचा होता, गोळ्यांचा होता. चाऱ्याचा नव्हता. त्या रात्री मुलुंडला घरी आल्यावर मी डायरीत एक पान लिहिलं. पुढे निवृत्त होईपर्यंत त्यात भर पडत गेली. ती पानं आज नीट लावून इथे देते आहे.

मुंबईत राहणाऱ्याला वाटतं, शेत ही गावाकडची गोष्ट. पण रुळांच्या कडेला पालक, माठ, मुळा आणि भेंडीचे वाफे आहेत. आरेमध्ये पाड्यांवर भात होतो, गोरेगाव-जोगेश्वरीकडे तबेले आहेत. वर्सोवा-मढला बोंबील वाळतात. वसईची भाजी आणि डहाणूचे चिकू पहाटे दादरला उतरतात. तुळशी आणि विहार सोडले तर पिण्याचं पाणी ठाणे, पालघर आणि नाशिक जिल्ह्यांतून येतं. तारापूरचं अणुवीज केंद्र १९६९ पासून चालू आहे, मुंबईच्या उत्तरेला साधारण शंभर किलोमीटरवर. तुर्भ्यात (ट्रॉम्बेला) तर 'अप्सरा' ही आशियातली पहिली अणुभट्टी १९५६ मध्येच सुरू झाली. हे घाबरवायला सांगत नाही. घरात सिलिंडर असला की रेग्युलेटर बंद करायला आपण शिकतोच, तसंच हे शिकून ठेवायचं.

पडतं काय, आणि जातं कुठे

अणुभट्टी फुटली की वाऱ्याबरोबर येणाऱ्या धुळीत किरणोत्सारी द्रव्यं असतात. त्यांतली तीन नावं लक्षात ठेवा. आयोडीन-१३१, सीझियम-१३७, स्ट्रॉन्शियम-९०.

आयोडीन-१३१ दर आठ दिवसांनी निम्मं होतं. सोळा दिवसांनी पाव, आणि ऐंशी दिवसांनी जवळजवळ हजारावा हिस्सा उरतो. म्हणजे ते लवकर जातं, पण पहिल्या महिन्यात सगळ्यात जास्त घात तेच करतं. शरीर त्याला साधं आयोडीन समजून गळ्याजवळच्या थायरॉइड ग्रंथीत साठवतं. लहान मुलाची ग्रंथी इवलीशी आणि मूल दूध भरपूर पितं, म्हणून मुलाला धोका मोठा.

सीझियम-१३७ निम्मं व्हायला तीस वर्षं लागतात. झाड त्याला पालाश, म्हणजे पोटॅशियम, समजून आत घेतं. स्ट्रॉन्शियम-९० चंही आयुष्य जवळपास तेवढंच. ते कॅल्शियमची नक्कल करून हाडात बसतं. अणुभट्टीच्या अपघातात ते सहसा सीझियमइतकं दूर पसरत नाही, म्हणून शेतकऱ्याचा दीर्घकाळचा झगडा बहुतेक वेळा सीझियमशीच असतो.

आता रस्ता बघा. धूळ गवतावर बसते, गवत म्हैस खाते, आणि दोन-तीन दिवसांत दुधातलं आयोडीन सर्वात वर जातं. ते दूध मुलाच्या पेल्यात. २६ एप्रिल १९८६ ला चेर्नोबिलची भट्टी फुटली, त्यानंतर बेलारूस, युक्रेन आणि रशियातल्या खेड्यांत घरच्या गाईचं दूध पोरं पीत राहिली, कारण त्यांना कुणी वेळेवर सांगितलंच नाही. तेव्हा लहान असलेल्यांमध्ये २००५ पर्यंत थायरॉइडच्या कर्करोगाचे ६,००० हून जास्त रुग्ण आढळले. त्यातला मोठा वाटा या दुधाचा. याउलट ऑक्टोबर १९५७ मध्ये इंग्लंडमध्ये विंडस्केलच्या भट्टीला आग लागली, तेव्हा सुमारे ५०० चौरस किलोमीटरमधलं दूध गोळा करून ओतून दिलं होतं. दूध वाया गेलं, पण पेल्यात गेलं नाही.

हा रस्ता एकाच ठिकाणी सोपेपणाने अडवता येतो, गवत आणि म्हैस यांच्यामध्ये. दूध एकदा काढलं की ते तापवून, गाळून, काहीही करून किरणोत्सार जात नाही. उकळल्याने जंतू मरतात, अणू मरत नाही. म्हणून माझ्या डायरीच्या पहिल्या पानावर तीनच शब्द आहेत: आधी चारा झाका.

पहिले काही तास

सूचना आली आणि किरणोत्सारी धुळीचा ढग अजून पोचायचा असेल, तरच बाहेरची कामं करायची. 'घरात थांबा' असा आदेश आला की म्हैस, भाजी, पेंढा सगळं सोडून आत. माणूस आधी. हे मी प्रत्येक प्रशिक्षणात तीनदा सांगत असे, कारण जनावरासाठी माणूस जिवावर उदार होतो हे मी पुरात पाहिलं आहे.

वेळ हातात असेल तर दुभत्या म्हशी आधी गोठ्यात घ्या, मग पारड्या, मग भाकड जनावरं आणि बैल. गोठा गच्च बंद करू नका. मुंबईच्या उकाड्यात म्हैस कोंडली तर तासाभरात धापा टाकायला लागते. डोक्यावर छप्पर आणि वाऱ्याच्या बाजूला आडोसा पुरे. छपराची पन्हळ पाण्याच्या हौदात पडत असेल तर ती फिरवा. हौदावर पत्रा टाका, विहिरीवर फळ्या आणि वर प्लास्टिक.

मग चारा. माझ्या माहेरी दादाकडे पेंढ्याची गंज अंगणाच्या कडेला असते. तिच्यावर ताडपत्री कशी टाकायची हे आम्ही एका दुपारी करून बघितलं. बारा बाय अठराची ताडपत्री वरून टाकली तर दोन्ही बाजूंनी हातभर पेंढा उघडा राहिला. चोवीस फुटी आणली, तेव्हा ती जमिनीपर्यंत पोचली. कडा नुसत्या सोडल्या तर वाऱ्याने फडफडून आत धूळ ओढतात, म्हणून कडेवर वाळूच्या गोण्या ठेवायच्या, दगड नाही. दगडाने ताडपत्री फाटते. वर मध्यभागी पेंढ्याचे दोन भारे उभे करून उंचवटा केला, नाहीतर पावसाचं पाणी साचून खोळ होते आणि तिथूनच झिरपतं. दोन माणसांना सगळं मिळून वीस मिनिटं लागली.

पेंढ्याबद्दल मी एवढं का सांगते, त्याला कारण आहे. ११ मार्च २०११ ला जपानमध्ये भूकंप आणि त्सुनामी येऊन फुकुशिमाची अणुभट्टी बिघडली. गुरं पाळणाऱ्यांना बाहेरचा चारा घालू नका अशी सूचना गेली. पण भाताचा पेंढा शेतातच पडलेला होता, आणि तो विकणारे भातशेतकरी गुरं पाळत नव्हते, म्हणून सूचना त्यांच्यापर्यंत पोचली नाही. तो पेंढा पुढे दुसऱ्या प्रांतांतल्या गोठ्यांतही गेला आणि जुलैमध्ये बाजारातल्या गोमांसात सीझियम सापडलं. आपल्याकडेही पेंढा एकाच्या शेतात आणि म्हैस दुसऱ्याच्या तबेल्यात असते. मुंबईचा तबेला चालवणाऱ्याने आपला पेंढा, पॅरा गवत आणि सरकी पेंड कुठल्या गावातून येते हे वहीत लिहून ठेवावं. गाडी आली की तारीख, गाव, गाडी नंबर. अपघातानंतर ही वही दुधाच्या कुठल्याही तपासणीइतकी कामाची ठरेल.

काम झालं की बाहेरचे कपडे दाराबाहेरच काढून पिशवीत बांधा, डोक्यावरून साबणाने अंघोळ करा. बाहेर असताना नाकातोंडावर ओढणी किंवा पंचा दुहेरी बांधलेला असू द्या.

दूध थांबवता येत नाही

शहरातल्या लोकांना वाटतं, दूध विकू नका म्हटलं की प्रश्न मिटला. म्हैस पिळावीच लागते. दोन वेळा पिळली नाही तर कासेला सूज येते, दगडी होते आणि जनावर जन्माचं बाद होतं. शंभर म्हशींच्या तबेल्यात दिवसाला हजारभर लिटर दूध निघतं. ते ठेवायचं कुठे?

पहिल्या एक-दोन दिवसांचं दूध वेगळ्या कॅनमध्ये, तारीख लिहून, बाजूला. नाल्यात, मिठी नदीत किंवा गोबराच्या खड्ड्यात ओतायचं नाही. काय करायचं हे तपासणीनंतर प्रशासन ठरवेल. झाकलेला चारा आणि झाकलेलं पाणी दिलं असेल तर मुळात दूध बिघडणारच नाही, किंवा फार कमी बिघडेल. आधीच खाऊन झालं असेल तरी स्वच्छ चारा सुरू करा, काही दिवसांत दुधातलं प्रमाण उतरायला लागतं. सीझियमसाठी नॉर्वेत आणि चेर्नोबिलच्या आसपासच्या भागात गुराढोरांना प्रशियन ब्लू नावाचं निळं रसायन खाऊ घातलं गेलं. ते आतड्यात सीझियम धरून शेणावाटे बाहेर काढतं. पण ते पशुवैद्यकाने द्यायचं. रंगाच्या दुकानातली निळी पूड कुणी आणू नये.

केवळ आयोडीनचाच प्रश्न असेल तर दुधाची पावडर करून अडीच-तीन महिने ठेवली की प्रश्न आपोआप संपतो. तुपाचा फायदा वेगळा. सीझियम पाण्याबरोबर राहतं, स्निग्धांशात जवळजवळ जात नाही, म्हणून लोणी काढलं की ते ताकात उरतं. हे मला कॉलेजात असताना कळलं. १९८७ मध्ये आयर्लंडचं लोणी मुंबईत आलं होतं, चेर्नोबिलची धूळ त्यात आहे अशा शंकेने प्रकरण न्यायालयात गेलं. सर्वोच्च न्यायालयाने तज्ज्ञांची समिती नेमली, आणि १९८८ मध्ये ते लोणी खायला निर्धोक ठरलं. मी तेव्हा दापोलीला कृषी विद्यापीठात शिकत होते. सुट्टीत गिरगावात मावशीकडे आले की चाळीत हाच विषय. मावशी मला विचारायची, "तू शेतीचं शिकतेस ना, मग सांग, मुलांना दूध देऊ की नको?" मला उत्तर येत नव्हतं. आज ती असती तर सांगितलं असतं: तपासणीचा आकडा बघ, तो मर्यादेच्या आत असेल तर निर्धास्तपणे दे.

घरासाठी मात्र सोपं आहे. सूचना मिळाल्यापासून 'चालेल' असं अधिकृतपणे सांगेपर्यंत मुलांना स्थानिक सुटं दूध नको. अपघाताआधीच्या तारखेची टेट्रा पाकिटं आणि दूध पावडर वापरा. अंगावर पाजणाऱ्या आईने स्वतःचं खाणं-पिणं तितकंच सांभाळावं.

वाळवण, भाजी, पाणी

चेर्नोबिलचा अपघात एप्रिलअखेरीस झाला. आपल्याकडे तेव्हा गच्च्या भरलेल्या असतात. कुरडया, पापड, सांडगे, मिरच्या, सगळी आगोट, म्हणजे पावसाळ्याची बेगमी. कोळीवाड्यात वलांड्यांवर बोंबील टांगलेले. बाहेर पसरलेला प्रत्येक पदार्थ धूळ धरायला मोठी जागा देतो. अपघाताची बातमी ऐकली की सर्वात आधी वाळवण आत आणा. आणता आलं नाही आणि धूळ पडली, तर ते वेगळं बांधून ठेवा, मोजल्याशिवाय खाऊ नका. वर्षभराची मेहनत असते, जीव तुटतो, पण झटकून चालत नाही.

बंद डबा, पिंप, फ्रीज, सीलबंद पाकीट यांतलं सगळं चालतं. डब्याचं झाकण उघडण्याआधी ओल्या फडक्याने पुसून घ्यायचं, एवढंच.

भाज्यांमध्ये पहिल्या आठवड्यांत पालेभाज्या सगळ्यात वाईट, कारण पान म्हणजे उघडा तळहात. पालक, माठ, मेथी, आळू बंद. कोबीची बाहेरची चार-पाच पानं टाकून आतला गड्डा बराच स्वच्छ निघतो. मुळा, सुरण, रताळं जमिनीखाली असतात, पहिल्या दिवसांत त्यांना धुऊन, जाड सालं काढून वापरता येतं. दुधी, लाल भोपळा, केळी, चिकू यांची साल काढायची. नारळ तर देवानेच सीलबंद केलेला आहे. भाजी उकडून पाणी फेकलं तर सीझियमचा काही भाग पाण्याबरोबर जातो. हे पाणी आमटीत वापरू नका, नाहीतर काढलेलं परत ताटात येतं. हे सगळे उपाय प्रमाण कमी करण्याचे आहेत. प्रशासनाने एखादी भाजी बंद केली असेल तर धुऊन ती चालू होत नाही.

रुळांकडेच्या वाफ्यांवर काम करणाऱ्या भावांना एक विनंती. काढणीला आलेली भाजी धुळीच्या आधी काढता आली तर काढा. धूळ पडल्यावर ती उपटून जाळू नका. धूर दुसऱ्याच्या अंगावर जातो आणि राखेत सगळं एकवटतं.

पावसाळ्यात हा अपघात झाला तर काय, असं मला नेहमी विचारतात. पाऊस ढगातली धूळ एका जागी खाली आणतो. चेर्नोबिलनंतर दूरदूर पसरलेले डाग तिथेच पडले जिथे त्या दिवशी पाऊस होता. इंग्लंडमधल्या डोंगरांवरही पडले, आणि वेल्समधल्या मेंढ्यांवरचे काही निर्बंध २०१२ पर्यंत उठले नव्हते. म्हणून दोन शेजारच्या गावांत जमीन-अस्मानाचा फरक असू शकतो. 'आमच्याकडे काही नाही' किंवा 'आमचं सगळं गेलं', दोन्ही मोजल्याशिवाय म्हणू नये.

पाण्याचं सांगायचं तर, मार्च २०११ मध्ये टोकियोच्या एका जलशुद्धीकरण केंद्रात लिटरला २१० बेकरेल आयोडीन सापडलं. बेकरेल म्हणजे सेकंदाला किती अणू फुटतात त्याचं माप. तान्ह्या बाळांसाठीची मर्यादा १०० होती. टोकियो त्या भट्टीपासून दोनशे किलोमीटरहून लांब. बाळांना ते पाणी देऊ नका असं जाहीर झालं आणि प्रमाण उतरल्यावर सूचना लगेच मागे घेतली. आपण मुंबईत पाणी भरून ठेवणारी माणसं आहोत, ही सवय इथे उपयोगी आहे. बातमी आली की लगेच झाकणाची पिंपं भरून घ्या. गच्चीवरच्या टाकीची झाकणं तपासा, अर्ध्या सोसायट्यांत ती तुटलेली असतात. पावसाचं पाणी गोळा करणारी पाइपलाइन टाकीला जोडलेली असेल तर तोडा.

आयोडीनयुक्त मीठ जास्त खाल्ल्याने काहीही संरक्षण मिळत नाही. फुकुशिमानंतर चीनमध्ये मिठासाठी दुकानांत उगीचच झुंबड उडाली होती. जखमेला लावायचं आयोडीन पिणं तर विषासारखं. पोटॅशियम आयोडाइडच्या गोळ्या फक्त आदेश मिळाल्यावर, सांगितलेल्या मात्रेत. त्या फक्त थायरॉइडला आणि फक्त आयोडीनपासून वाचवतात, सीझियमला त्यांचा काही उपयोग नाही. आणि लासलगावला किरण देऊन साठवलेला कांदा किंवा वाशीला किरण दिलेले मसाले किरणोत्सारी नसतात. किरण आरपार जातात, धूळ बसते. इथे सगळा प्रश्न धुळीचा आहे.

मातीची घाई करू नका

शेतकऱ्याचा हात अशा वेळी नांगराकडे जातो. काहीतरी करावंसं वाटतं. इथे मी हात धरीन. सीझियम मातीतल्या चिकणकणांना घट्ट चिकटतं आणि न नांगरलेल्या जमिनीत वर्षं गेली तरी बहुतेक वरच्या पाच सेंटिमीटरमध्येच राहतं. तो थर तुमच्या हातात असलेला एकमेव मोठा फायदा आहे. नांगर घातला की पाच सेंटिमीटरचं वीस सेंटिमीटर होतं, मग खरवडायला काही उरत नाही.

आधी नमुना. नेहमीच्या माती परीक्षणात आपण वरचा पालापाचोळा बाजूला करतो, इंग्रजी व्ही अक्षरासारखा वीत-सव्वावीत खोल खड्डा घेतो, कडेचा काप काढतो आणि सगळी माती एकत्र करून चौथाईने कमी करत आणतो. इथे ते उलट. पालापाचोळा फेकायचा नाही, तो वेगळ्या पिशवीत. मग सपाट खुरप्याने बोटभर-दोन बोटं, म्हणजे पाच सेंटिमीटरचा थर, एक हात बाय एक हात चौकोनातून अलगद उचलायचा. त्याच्या खालचा दहा सेंटिमीटरचा थर तिसऱ्या पिशवीत. खुरपं प्रत्येक थराला धुऊन पुसायचं. पिशवीवर गट नंबर, शेताचा कोपरा, थर आणि तारीख. बांधाजवळची, पन्हळीखालची आणि सखल जागेची माती वेगळी, कारण पाणी तिथे धूळ नेऊन साठवतं.

आकडे आल्यावर तीन वाटा. फार जास्त असेल तर वरचा थर काढणे. एका गुंठ्यातून पाच सेंटिमीटर काढलं तर पावणेदोन ब्रास (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट) माती निघते, एकराला सत्तर ब्रासच्या वर. ती ठेवायची कुठे, हा प्रश्न जपानला अजून सुटायचा आहे. फुकुशिमात अशी १ कोटी ३० लाख घनमीटरहून अधिक माती गोळा झाली. म्हणून ही वाट सरकारी देखरेखीशिवाय नाही. मध्यम असेल तर खोल नांगरट, वरचं खाली गाडणारी. आणि कमी असेल तर खत.

खताचं मला विशेष सांगायचं आहे, कारण हे आपल्या हातात आहे आणि महागही नाही. रोपाला सीझियम आणि पालाश यांतला फरक कळत नाही. जमिनीत पालाश भरपूर असेल तर मूळ पालाशच उचलतं. फुकुशिमाच्या भातखाचरांत १०० ग्रॅम मातीमागे २५ मिलिग्रॅम पालाश असेल असं लक्ष्य ठेवून पोटॅश टाकलं. तिथे २०१२ च्या हंगामात साधारण १ कोटी पोती एकूणएक तपासली, त्यांतली ७१ मर्यादेच्या वर निघाली. २०१५ च्या पिकापासून एकही नाही. कोकणातली जांभ्याची माती आम्ल असते आणि पालाशाला अनेक ठिकाणी उणी, त्यामुळे म्युरेट ऑफ पोटॅशचा उपयोग इथे जास्त. स्ट्रॉन्शियम असेल तर तोच न्याय कॅल्शियमचा, म्हणून चुना. अमोनियाची खतं मात्र हात राखून, ती चिकटलेलं सीझियम मोकळं करतात.

भाताचं सीझियम कोंड्यात जास्त असतं. पॉलिश केलेला, धुऊन शिजवलेला तांदूळ हातसडीपेक्षा बराच स्वच्छ. पण तोच कोंडा म्हशीला घातला की फिरून दुधात. कोंडा वेगळा काढा आणि मोजा.

आणि राब. पालघर, वाडा, जव्हारकडे भाताचं रोप टाकायच्या आधी शेण, पाला, फांद्या, पेंढा पसरून जमीन भाजतात. डबल भाजलेल्या वाफ्यातलं रोप कसं हिरवंगार येतं हे मी जन्मभर पाहिलं आहे, त्या पद्धतीवर माझं प्रेम आहे. पण धूळ पडलेल्या वर्षी राब भाजू नका. जंगलातल्या झाडांच्या पानांवर धूळ अडकते, आणि भाजल्यावर चार पाट्या पाल्यातलं सीझियम मूठभर राखेत येतं, तेही नेमकं रोपाच्या मुळाशी. त्या हंगामात गादीवाफा करा. चुलीची राख, त्या वर्षीचं शेणखत आणि पालापाचोळ्याचं कंपोस्टही मोजल्याशिवाय शेतात नको. रानातल्या अळंब्यांना तर पुढची कित्येक वर्षं हात लावू नये, त्या सीझियम शोषून घेतात.

गच्चीवर बाग असणाऱ्यांचं काम सोपं. आमच्या सोसायटीत चाळीस कुंड्या आहेत. वेळ असेल तर सगळ्या जिन्याच्या खोलीत, नाहीतर वर प्लास्टिक. धूळ पडलीच तर वरची दोन बोटं माती ओली करून, हातमोजे घालून काढा, जाड पिशवीत बांधा आणि गच्चीच्या कोपऱ्यात ठेवा. कचरागाडीत नाही, पन्हळीत धुऊनही नाही, ते पाणी खालच्या मजल्याच्या बाल्कनीत उतरतं.

मोजायचं कसं

बाजारात ऑनलाइन मिळणारं हातातलं गायगर यंत्र भाजीवर धरून काही कळत नाही. जपानमध्ये अन्नातल्या सीझियमची मर्यादा सर्वसाधारणपणे किलोला १०० बेकरेल आहे आणि आजूबाजूच्या नैसर्गिक किरणोत्सारात ते यंत्राला ऐकूच येत नाही. माणसाच्या स्वतःच्या शरीरात नैसर्गिक पोटॅशियममुळे चार हजारांच्या आसपास बेकरेल असतात, केळ्यातही थोडे. अन्नाचा नमुना शिशाच्या जाड भिंतीआड ठेवून गॅमा वर्णपटमापकाने तासन्‌तास मोजावा लागतो, तेव्हा सीझियम वेगळं दिसतं. ते प्रयोगशाळेचं काम. तुमचं काम नमुना नीट देण्याचं: किलोभर, धुतलेला की न धुतलेला हे लिहून, कुठल्या शेताचा, कुठल्या तारखेचा. हातात आकडा आला की 'बेकरेल प्रति किलो' आणि कुठला अणू, हे दोन्ही विचारा. आयोडीन आहे की सीझियम यावर ते तीन महिने ठेवायचं की वेगळं काही करायचं हे ठरतं.

मागच्या दिवाळीत दादाने गोठ्याच्या आढ्याला चोवीस फुटी ताडपत्री गुंडाळून बांधली. खाली सहा रिकाम्या गोण्या, दोरी आणि एक वही. वहिनीने पंधरा दिवस पुरेल एवढा पेंढा माळ्यावर आत वेगळा रचला आहे, दर दोन महिन्यांनी तो खालून वापरते आणि वरून नवा भरते, नाहीतर उंदीर लागतात. वहीच्या पहिल्या पानावर तिने स्वतः लिहिलं आहे: चार दुभत्या, दोन पारड्या, दिवसाला पेंढा चाळीस किलो, पाणी अडीचशे लिटर.